ॲरिझोनाचं ऊन

आमच्या गावात सूर्य नोव्हेंबरात रजेवर जातो आणि मार्चअखेर नाइलाजाने कामावर येतो. मधले चार महिने त्याचा चार्ज माझ्याकडे असतो. वडिलांच्या आमिषाच्या दुकानात जिवंत मासोळ्या, गांडुळं, गळ, बर्फाला भोक पाडायची गिरमिटं असं सगळं मिळतं, आणि मागच्या खोलीत एक टॅनिंग बेड आहे. निळ्या नळ्यांचा, वर झाकण असलेला. आत आडवं व्हायचं, झाकण ओढून घ्यायचं, वीस मिनिटांनी थोडं तांबूस होऊन बाहेर यायचं. फार्गोतलं एक सलून बुडालं, तेव्हा बाबांनी एका गळक्या बोटीच्या बदल्यात तो आणला. दोन्ही पक्षांना आपण फसवलं असं वाटलं, म्हणजे व्यवहार चोख झाला. खोलीला माशांचा वास येतो हे खरं, पण मिनेसोटाच्या या टोकाला तो लग्नातसुद्धा येतो.

जानेवारीच्या सहा तारखेला भर दुपारी, सगळं गाव जेवत असताना, मागचं दार वाजलं. दारात ऑरिन ट्वेट उभा होता. बर्फावर बसायचा त्याचा तो फुगलेला सूट, कानटोपी, हातात बादली. ऑरिनला आम्ही दोन वर्षांपूर्वी पुरलं होतं, मी स्वतः खांदा दिला होता. त्यामुळे मी जरा थांबलो.

कानटोपी वर झाली. आत त्याची बायको होती, पाल्मा. चर्चच्या रविवारच्या शाळेत मला दहा आज्ञा हिनेच शिकवल्या होत्या.

"मिसेस ट्वेट! तुम्ही ॲरिझोनाला होता ना?"

"आहेच," ती म्हणाली. "दार लाव."

झालं होतं ते असं. आमच्याकडे ज्यांना जमतं ते हिवाळ्यात दक्षिणेला जातात आणि भाजलेल्या रताळ्याच्या रंगाचे होऊन परत येतात. पाल्मा कधी गेली नव्हती. या वर्षी ॲरिझोनातला मुलगा, कर्टिस, म्हणाला, ये महिनाभर. बायकांनी चर्चच्या तळघरात निरोपाची कॉफी ठेवली, सूटकेस भेट दिली, सगळ्यांनी मिळून "ऊन घेऊन ये गं आमच्यासाठी" म्हटलं. चार दिवसांनी कर्टिसचा फोन आला. खोलीचं काम काढलंय, बायकोचं जरा हे आहे, पुढच्या वर्षी बघू. पाल्माने "बरं" म्हटलं.

आता सूटकेस तर घेऊन झाली होती. मुलाला आई नकोय, हे त्याच तळघरात, त्याच कपातून कॉफी पिताना सांगायचं? त्यापेक्षा पाल्माने गाडी गोठ्यात लपवली, पडदे ओढले आणि स्वतःच्याच घरात महिनाभर नसायचं ठरवलं. अडचण एकच होती. फेब्रुवारीत ती परतणार, ती पांढरीफटक परतून चालणार नव्हतं.

"मला तेवढं ॲरिझोना लावून दे," ती म्हणाली.

मी कागद भरायला दिला. त्यावर एक प्रश्न असतो : कुठली औषधं चालू आहेत? तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, "नाहीत." मी तो कागद फायलीत लावला. दिवसाला ती पाठदुखीच्या चार गोळ्या खात होती. पण आमच्याकडे औषध म्हणजे जे घ्यायला दोन तास गाडी हाकून डॉक्टरकडे जावं लागतं ते. पेट्रोल पंपावर च्युइंग गमच्या शेजारी मिळतं ते औषध नव्हे, तो खाऊ. आणि डबीवर दोन लिहिल्या असतील तर त्या शहरातल्या लोकांसाठी. मी विचारलं असतं तर माझ्या आईनेही हेच लिहिलं असतं. मीही.

ती दिवसाआड यायची. तळ्यावरून चालत, ऑरिनच्या सुटात, बादली हलवत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी मासे धरायला निघालंय. मी दाराबाहेर मासोळ्यांच्या टाकीवर बसायचो आणि ती आत झाकणाखालून बोलायची. शिकवणीच्या वर्गात जेवढी बोलली नसेल तेवढी बोलली. रेडिओ उशीखाली ठेवून ऐकते म्हणाली. फोन वाजला की त्याच्याकडे बघत बसते, उचलता येत नाही, कारण आपण घरी नाही. झाडांना पाणी घालायला किल्ली आर्डिस बाकनकडे दिली होती, ती दर मंगळवारी येते, तेव्हा तळघरात बॉयलरच्या मागे उभी राहते.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"छे. बरं वाटतं," झाकण म्हणालं. "वर कुणीतरी चालत असतं."

एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी. गावाला काय, आठ दिवस बोलतील आणि विसरतील.

"मार्चचं जेवण आहे ना. मला तव्यापाशी उभं राहायचंय. कीव करून घेत नव्हे, नीट उभं राहायचंय."

मार्चच्या पहिल्या शनिवारी आमच्या लूथरन चर्चचं जेवण असतं. चारशे माणसं येतात. क्षारात भिजवून फुगवलेला वाळका कॉड असतो, आणि लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पोळी, इतकी पातळ की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. मासा लोक पूर्वजांसाठी खातात आणि पोळी स्वतःसाठी. आदल्या गुरुवारी चार तव्यांवर पोळ्या होतात. दाराजवळचा पहिला तवा एक्केचाळीस वर्षं पाल्माचा. लांब चपट्या काठीवर पोळी उचलून ती अशी उलटायची की पोळीलाही कळू नये. त्या तव्यापुरतं तिला गावात कुणी विधवा म्हणत नसे, कुणाची आईही म्हणत नसे.

तिसऱ्या आठवड्यात बेडमध्ये घालायचा काळा चष्मा देताना मला तिच्या हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढा फोड दिसला. दोन दिवसांनी पाच. पाण्याने टम्म भरलेले.

"तेल उडालं असेल," ती म्हणाली.

"उकडता तुम्ही, तळत कुठे?"

"मग वाफ उडाली असेल. वेळ लाव."

आणि मी काय म्हटलं तर, "दहा मिनिटं जास्त लावतो, सुकून जातील." हे मी म्हटलं. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो.

पाच फेब्रुवारीला पाल्मा ॲरिझोनाहून परत आली. म्हणजे मी तिला ट्रकमध्ये सीटच्या खाली वाकवून वीस मैलांवरच्या बसथांब्यावर नेलं, सूटकेससकट उतरवलं आणि पळालो. वाकल्यामुळे पाठ धरली, म्हणून तिने आणखी एक गोळी खाल्ली. तासाभराने आर्डिसचा नवरा व्हर्डेल तिला घ्यायला गेला. रंग उत्तम आला होता, एवढं कबूल करायला हवं. पण हातमोजे काढल्यावर हात काही बघण्यासारखे नव्हते. जुने फोड फुटून लाल झाले होते, नवे येत होते, आणि कातडी इतकी नाजूक झाली होती की खिशात हात घालताना खरवडून निघायची, भिजलेल्या कागदासारखी.

वीस तारखेला मी तिला फार्गोला नेलं. त्वचेची डॉक्टर तरुण होती, तिने हात उलटसुलट पाहिले, रक्त, लघवी, कातडीचा बारीक तुकडा, सगळं घेतलं, आणि पुढच्या खेपेला सांगितलं की पोर्फिरिया नावाचा एक आजार असतो, तो अगदी असाच दिसतो, पण तुम्हाला तो नाही. तुम्हाला त्याची नक्कल झालीय. गोळी आणि ऊन, दोन्ही एकत्र आली की क्वचित कुणाला असं होतं. नुसती गोळी घेतली असती तर चाललं असतं, नुसतं ऊन घेतलं असतं तरी चाललं असतं.

"ऊन कुठे मिळालं तुम्हाला या दिवसांत?" डॉक्टरने विचारलं.

पाल्मा डॉक्टरशी खोटं बोलत नाही. "याच्याकडे," ती म्हणाली. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तिळांच्या तक्त्याकडे पाहिलं.

गोळी बंद, बेड बंद, उन्हात हातमोजे. बरं व्हायला काही महिने, डाग राहतील. "संसर्ग मुळीच नाही," डॉक्टर म्हणाली आणि तसं लिहूनही दिलं, खाली कारण लिहिलं : पाठदुखीची गोळी, टॅनिंग बेड.

परतताना पाल्मा बाहेरचा बर्फ बघत होती. मग म्हणाली, "बघ, आजारसुद्धा खोटाच झाला."

तोवर गावात दुसरंच सुरू झालं होतं. लवॉन स्कार, स्वयंपाकघर समितीची प्रमुख, पाल्माकडे शेवयांचं कॅसरोल घेऊन गेली, ते दाराबाहेर पायरीवर ठेवलं आणि काचेतून हात केला. वाळवंटात एक किडा असतो म्हणे, तो चावला की असं होतं, आणि ते पसरतं. समिती बसली. या वर्षी पाल्माने आराम करावा, तव्याचं आर्डिस बघेल, पाल्माने कोटांची खोली सांभाळावी, असं प्रेमाने ठरलं. पोळीला हात लावायचा नाही, पण चारशे लोकांच्या कोटांना लावला तर चालेल. कोटांचं मत कुणी घेतलं नव्हतं.

"डॉक्टरचा कागद दाखवा ना त्यांना!" मी म्हटलं.

"त्यावर तुझा बेड आहे."

"मग आपण सांगू, ऊन ॲरिझोनाचं होतं. गोळी आणि ऊन. निम्मं तर खरंच आहे."

"निम्मं खरं मी महिनाभर बोलले, कोल्बी. हात बघ."

शेवटी मी तिला न विचारता आर्डिसकडे गेलो. आर्डिस सत्तरीची, चर्चमधल्या प्रत्येक चमच्याचा ठावठिकाणा माहीत असलेली बाई. मला टेबलाशी बसवून तिने कॉफी ओतली. मी घोकलेलं म्हणून दाखवलं : ॲरिझोनाचं कडक ऊन, पाठदुखीची गोळी, संसर्ग नाही, डॉक्टरने सांगितलंय.

"माहितीये," आर्डिस म्हणाली. "माझी सून नर्स आहे. हात बघताच म्हणाली, हे गोळीचं आणि त्या निळ्या दिव्यांचं."

"कुठल्या दिव्यांचं?"

"तुझ्या, बाळा. केक घे."

मी केक घेतला. दुसरं काय करणार.

"पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं सगळ्यांना," ती म्हणाली. "धुराड्यातून वाफ येत होती. मी पाणी घालायला गेले तर झाडं आधीच ओली. स्टोव्हवर सूप गरम. मग काय, ओल्या कुंड्यांतच पुन्हा पाणी घातलं, सगळी व्हायोलेटं कुजली बिचारी. निघताना मोठ्याने म्हणायचे, 'चला, मी निघाले आता!' झाडांना. म्हणजे तिला वर यायला बरं."

"आणि तळ्यावरून..."

"ऑरिन जायचा ना दिवसाआड दुपारी! व्हर्डेल हात करायचा त्याला." ती हसली नाही. "आणि बसथांब्यावर ती भेटली त्या दिवशी वादळामुळे बस सुटलीच नव्हती. व्हर्डेलने विचारलं, प्रवास बरा झाला ना?"

आमच्याकडे मेलेला माणूस भर दुपारी बर्फावरून चालत गेला तरी लोक त्याला हात करतील, पण थांबून चौकशी करणार नाहीत. आपण त्याला मेल्याची आठवण करून दिली, असं वाटायला नको.

"मग तो वाळवंटातला किडा?"

"लवॉनने काढला. हात तर दिसतच होते सगळ्यांना. काहीतरी कारण लागणार, आणि ते ॲरिझोनातलंच लागणार. तिच्या बाजूने होतो आम्ही, कोल्बी." आर्डिसने टेबलावरचे कण तळहातावर गोळा केले. "आता किडा म्हटल्यावर तव्यापाशी कसं उभं करणार? आणि किडा नाही म्हणायचं, तर कशावरून नाही?"

"पण सगळ्यांना माहीत आहे ना!"

"माहीत असणं वेगळं."

मला एक गोष्ट विचारायची होती आणि मी विचारली. "महिनाभर एकटी होती ती. माहीत होतं, तर कुणी गेलं का नाही?"

आर्डिसने तळहातावरचे कण बशीत झाडले. "गेलो असतो तर ती घरी सापडली असती," ती म्हणाली.

हे पाल्माला सांगायचं नाही, असं तिने मला दारापर्यंत येऊन बजावलं. मी ते तीन दिवस पोटात ठेवलं. गुरुवारी सकाळी, पोळ्यांच्या दिवशी, मलमाची नळी द्यायला गेलो तर पाल्मा स्वयंपाकघरात उभी होती. हातांना पट्ट्या बांधलेल्या, अंगात धुतलेला ॲप्रन. जायचं कुठेच नव्हतं. ॲप्रन घालून नुसती उभी होती. माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. वाफ, व्हायोलेटं, ऑरिनला केलेले हात, न सुटलेली बस.

ती खुर्चीवर बसली.

"मंगळवारीसुद्धा माहीत होतं आर्डिसला?"

"हो."

"मी बॉयलरमागे होते ते?"

"तळघरात आहात हे तरी माहीत असणार. म्हणून तर मोठ्याने बोलायची."

"मला वाटायचं, झाडांशी बोलते. म्हटलं, किती एकटी पडलीय बाई." तिने ॲप्रनची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पट्टीखालून हातावर लाल उमटलं. "ट्रक काढ."

"कुठे?"

"चर्चला. सांगून टाकते. सगळ्यांना माहीतच आहे, तर लपवायचं काय राहिलं? किडा नाही म्हटल्यावर तवा देतीलच की."

मला पटलं. मी सव्वीस वर्षांचा आहे, मला अशा गोष्टी पटतात.

चर्चच्या तळघरात वाफ आणि पिठाचा धूर होता. चार तवे तापलेले, दहा-बारा बायका, गप्पा. पाल्मा दारात दिसताच गप्पा बंद पडल्या नाहीत, फक्त हवामानावर गेल्या. पहिल्या तव्यावर आर्डिस होती. तिच्या काठीवरची पोळी मध्यभागी फाटून लोंबत होती.

पाल्मा टेबलापाशी उभी राहिली. "मला एक सांगायचंय. मी ॲरिझोनाला गेले नव्हते."

आर्डिसने फाटलेली पोळी टॉवेलवर ठेवली, काठी टेबलावर टाकली आणि लाटणं घेतलं.

"कर्टिसने येऊ नको म्हटलं. मी महिनाभर घरीच होते. कोल्बीच्या दुकानात त्या बेडमध्ये पडायचे, आणि त्यात या पाठीच्या गोळ्या, त्याने हे हात झाले. किडाबिडा काही नाही. डॉक्टरचा कागद आहे." तिने तो काढून टेबलावर पिठातच ठेवला.

कुणी तो उचलला नाही. लवॉन आधी हसली, मोठ्या मायेने. "अगं, काय थट्टा करतेस! केवढी रापलीयस, आरसा बघ एकदा."

"लवॉन, मी खरंच—"

"प्रवासाचा शीण असतो तो. माझी बहीण फ्लोरिडाहून आली तर आठवडाभर तिला आपण कुठे आहोत तेच उमगत नव्हतं. डॉरिस, कॉफी दे गं हिला."

"मी खोटं बोलले तुमच्याशी," पाल्मा म्हणाली.

"कुणी खोटंबिटं बोललेलं नाही," डॉरिस घाईने म्हणाली आणि कप पुढे केला.

"मी सांगतो," मी म्हटलं, "माझ्याच दुकानात..."

"कोल्बी, वर खुर्च्या लावायच्यात," लवॉन म्हणाली. मी जागचा हललो नाही, तेव्हा कुणी माझ्याकडे बघेनासंच झालं.

पाल्मा आर्डिसकडे वळली. चाळीस वर्षं दोघी शेजारशेजारच्या तव्यांवर होत्या. "आर्डिस. मंगळवारी तू यायचीस तेव्हा मी खाली असायचे. तुला माहीत होतं."

आर्डिसच्या हातातलं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता म्हणेल. तिच्या चेहऱ्यावर ते येऊन उभं होतं. पण ती हो म्हणाली असती तर तिथल्या दहा-बारा जणींना त्याच क्षणी कबूल करावं लागलं असतं की माहीत असून आपण चार मंगळवार, चार रविवार तिच्या घरावरून गाड्या नेल्या. एकीने डोळ्यांनीच आर्डिसला नको म्हटलं. मी ते पाहिलं.

"तुझ्या तळघरात उंदीर झालेत," आर्डिस म्हणाली. "वाजायचं काहीतरी. व्हर्डेलला पिंजरा लावायला सांगते."

पाल्माने पुढे होऊन टेबलावरची चपटी काठी उचलायला हात लांबवला. पट्टी टेबलाच्या कडेला घासली, कातडी सरकली, आणि पिठावर दोन थेंब पडले. आर्डिसने काठी हळूच उचलून तव्याच्या पलीकडे, तिचा हात पोचणार नाही अशी ठेवली.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

लवॉनने ते पीठ फडक्याने टिपून घेतलं आणि फडकं डॉक्टरच्या कागदासकट कचऱ्यात टाकलं. कुणीतरी पाल्माला खुर्ची दिली, खांद्यावर शाल टाकली. तवे पुन्हा चुरचुरायला लागले. आर्डिसची पुढची पोळीही फाटली.

पाल्मा कॉफीचा कप दोन्ही मनगटांत धरून बसली होती. बायका तिच्याकडे बघून हसत होत्या, आजाऱ्याकडे बघून हसतात तशा. डॉरिसला ते सहन होईना.

"काय गं पाल्मा," तिने विचारलं, "तिथले ते निवडुंग खरंच माणसाएवढे उंच असतात?"

लाटणी थांबली. सगळ्या जणी वाट बघत होत्या. पाल्माने माझ्याकडे पाहिलं, मग आर्डिसच्या पाठीकडे.

"त्याहून उंच," ती म्हणाली.

"खरंच?"

"घराएवढे," पाल्मा म्हणाली आणि कॉफीचा घोट घेतला.